जिम लावू की घरीच करू? कोल्हापुरात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे पुढची उत्तरं किती मनावर घ्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. सकाळी मी लोकांच्या घरी जाऊन व्यायाम शिकवते आणि संध्याकाळी राजारामपुरीतल्या एका जिममध्ये बायकांची बॅच घेते. दोन्हीकडून माझं पोट भरतं, त्यामुळे कुणा एकाची वकिली करायचं कारण नाही. वडील शिवाजी पेठेतल्या तालमीत वाढले. मी जोर-बैठका त्यांच्याकडूनच शिकले, पण घरच्या सोप्यात, कारण तेव्हा तालमीत मुलींनी पाऊल टाकायची पद्धत नव्हती. दहा जोर झाले की ते एका वाटीतला चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. माझ्या व्यायामाचा हिशेब तिथून सुरू झाला.

ताई, फिरवून सांगू नका. जिम की घर?

दोन गोष्टी सांगा, मग मी सांगते. तुम्हाला रोजची ठरलेली वेळ कुठे मिळते? आणि पुढचं वजन कुठून येणार?

वेळेचं सगळ्यांना कळतं. शिरोली एमआयडीसीत पहिली पाळी करणाऱ्या माणसानं सकाळी सहाची जिम लावून उपयोग नाही. घरात सासू-सासरे, दोन पोरं आणि एकच हॉल असेल तर ‘मी घरीच करते’ म्हणणारीचा व्यायाम दाराच्या प्रत्येक बेलला मोडतो. अशांना जिम म्हणजे तासभर कुणी हाक न मारणारी जागा, आणि एवढ्यासाठी पैसे मोजले तरी मला ते वाया वाटत नाहीत.

वजनाचं मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं. शरीर ओझ्याला सरावतं. पाच किलोचे डंबेल्स पहिल्या आठवड्यात जड लागतात, दोन महिन्यांनी त्यांचं काहीच वाटत नाही. वाटेनासं झालं की स्नायू वाढायचे थांबले असं समजा. मग वजन वाढवा, वेळा वाढवा, नाहीतर तोच व्यायाम अवघड पद्धतीनं करा. जिममध्ये पुढची प्लेट, म्हणजे वजनाची लोखंडी चकती, रॅकवर टांगलेलीच असते. घरी ती तुम्हाला आणावी लागते, नाहीतर डोकं लढवावं लागतं. घरचा व्यायाम फसतो तो बहुतेक वेळा इथेच. आळसाला उगाच बोल लावतात.

आयुष्यात कधीच वजन उचललं नसेल तर पहिले तीन महिने शिकवणारं माणूस हवंच, जिममध्ये असो की घरी. त्यानंतर घरी करणाऱ्याला मी अडवत नाही.

आठवड्याला किती व्यायाम पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसानं आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम करावा, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतकं झपाझप चालणं. जास्त दमाचा असेल तर 75 ते 150 मिनिटं. आणि याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम.

हे शेवटचं वाक्य कोणी वाचतच नाही. रंकाळ्यावर रोज न चुकता चालणारे कितीतरी काका मला माहीत आहेत. पाय तुरतुरीत, पण गॅसची टाकी सरकवायची झाली की पोराला हाक. भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास भरते. साठीच्या धडधाकट माणसाला ती जागची हलवता यायला हवी असं माझं मत आहे. चालणं सोडू नका, पण त्या दोन दिवसांचं उत्तर रंकाळ्यावर मिळत नाही.

जिमवाले म्हणतात वर्षाची फी एकदम भरा, मोठी सूट आहे. भरू?

नको.

हिशेब बघा. समजा महिन्याला 1,000 रुपये आणि वर्षाचे एकदम 8,000. कागदावर 4,000 वाचले. पण पहिल्या दोन महिन्यांत तीस दिवस गेलात, मग गणपती आले, मग लग्नसराई, आणि वर्षाकाठी भरले 40 दिवस. म्हणजे दिवसाला 200 रुपये पडले. महिन्या-महिन्यानं भरले असते तर 2,000 देऊन थांबला असता. फीला भागायचं ते गेलेल्या दिवसांनी, बारा महिन्यांनी नव्हे.

दुसरं कारण माझ्या अंगावरचं. मी आधी ज्या जिममध्ये होते तिथे जानेवारीत जोरात वर्षाच्या पावत्या फाडल्या आणि पावसाळा संपायच्या आत शटर खाली आलं. मालकाचा फोन लागेना, लोक माझ्या दारात. माझाही दीड महिन्याचा पगार बुडाला, पण ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पहिले तीन महिने महिन्याचे पैसे द्या. तीन महिने टिकलात आणि जिमही टिकली, तर मग सूट बघा.

भरण्याआधी तुम्ही ज्या वेळेला जाणार त्याच वेळेला एकदा जाऊन या. दुपारी बारा वाजता दाखवलेली रिकामी जिम संध्याकाळी सातला ओळखू येत नाही. आणि ट्रेनर तुमचे आजार, जुनी दुखणी विचारतो का ते बघा. न विचारता थेट वजन उचलायला बेंचवर झोपवणारा असेल तर तिथून निघा.

घरीच करायचं ठरलं तर काय काय घेऊ?

ट्रेडमिल सोडून काहीही. पेठेतल्या घरांच्या अरुंद जिन्यावरून ती वर चढवायला चौघं जण हौसेनं येतात, विकायला काढल्यावर खाली उतरवायला कोणी येत नाही.

एक रॉड-प्लेटांचा डंबेल सेट घ्या, ज्यात प्लेटा कमी-जास्त करता येतात. ठरावीक वजनाची जोडी घेतली की दोन महिन्यांनी दुसरी घ्यावी लागते. दोन-तीन जाडीचे रबरी बँड घ्या. खाली टाकायला रबराची जाड मॅट, फरशीसाठी आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या कानांसाठी. झालं.

पायांना वजन कमी पडलं तर घरातच आहे. वीस लिटरचा पाण्याचा जार म्हणजे वीस किलो. तो छातीशी कवटाळून खुर्चीपर्यंत बसायचं आणि उठायचं. पाणी आत डचमळतं, त्यामुळे तोल सावरताना पोटाचे स्नायूही कामाला लागतात. सुरुवात अर्ध्या जारनं करा. मग दर आठवड्याला दोन तांबे वाढवा, पुढचं वजन नळाला आहे!

घरच्या व्यायामातली खरी अडचण पाठीची. ढकलायचे व्यायाम जमिनीवर हवे तितके होतात, ओढायला मात्र काही सापडत नाही. त्यामुळे नुसते जोर मारणाऱ्या पोरांचे खांदे पुढे झुकलेले दिसतात. दप्तरात पुस्तकं भरा, एक हात खाटेवर टेकवून वाका आणि दुसऱ्या हातानं ते दप्तर कमरेपर्यंत ओढा. दाराच्या चौकटीत बसवायचा बार चांगला, पण चौकट बघून. जुन्या वाड्यांच्या सागवानी चौकटींना काही होत नाही. नव्या फ्लॅटमधल्या पातळ चौकटीचे स्क्रू माझ्यासमोर निघाले आहेत, बारला लटकलेल्या माणसासकट.

दोन गोष्टी करू नका. प्लॅस्टिकच्या स्टुलावर पाय ठेवून जोर मारू नका, आणि लाकडी माडीवर दोरीच्या उड्या मारू नका.

आपले जोर-बैठका पुरेसे नाहीत का? पैलवानांनी कुठली जिम लावली होती?

हा प्रश्न कोल्हापुरातच येतो, आणि विचारणाऱ्याचा आवाज थोडा चढलेला असतो.

जोरात छाती, खांदे, दंडाची मागची बाजू आणि पाठीचा कणा इतकं सगळं एका झोकात येतं. बैठकीत मांड्या आणि दम. बिनपैशाचा इतका चांगला व्यायाम दुसरा मला माहीत नाही. नव्यानं सुरू करणाऱ्याला पाच-पाचचे तीन फेरे खूप झाले. पहिल्याच दिवशी ईर्षेनं पन्नास मारले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. हे दुखणं 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त असतं, मग आपोआप ओसरतं.

पण पैलवान नुसते जोर-बैठका काढून पैलवान होत नाही. तो दोर चढतो, मल्लखांब करतो, हौद्यातली माती फावड्यानं उकरतो. तेल, ताक, हळद, लिंबू घातलेली ती तांबडी माती उलथायची म्हणजे पाठीचा व्यायाम आपसूक होतो. आणि मुख्य म्हणजे लढत. वस्ताद आज एका पोराशी जोड लावतो, ती सोपी झाली की त्याच्याहून जड पोराशी. वजन वाढवायचं म्हणजे हेच की! रॅकवरची प्लेट तिथे लंगोट लावून समोर उभी असते. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकले आणि 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते अशाच मातीतून गेले होते. आपण मात्र त्यातले फक्त जोर-बैठका उचलले, दोर आणि जोड तिथेच ठेवली, आणि वर म्हणतो की तालमीचा व्यायाम करतो.

म्हणून घरी जोर-बैठका करणाऱ्यांनी ओढायचा एक व्यायाम जोडा. आणि वीस जोर सहज निघायला लागले की आकडा वाढवत बसण्यापेक्षा खाली जायला तीन आकडे मोजा. माझ्या वडिलांना हे पटत नाही. त्यांच्या मते चिंचोके वाढले पाहिजेत.

मग तालीमच लावली तर?

पोरगा असेल, कुस्तीची ओढ असेल आणि पहाटे उठायची तयारी असेल तर जरूर. शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला, 1912 साली बांधून झालेलं खासबाग मैदान दिलं, त्यावर हे शहर अजून जगतं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी इथे गावोगावची पोरं राहून कुस्ती शिकतात. तो पूर्णवेळ मार्ग आहे, ऑफिसच्या आधी उरकायचा तास नव्हे.

पेठांमधली तालीम मंडळं वेगळी. बाहेरगावचे पाहुणे इथे हमखास गोंधळतात, कारण नाव तालीम आणि पोरं खेळतात फुटबॉल. यातल्या काही ठिकाणी व्यायामाची खोली असते, कुठे जुने मुद्गल, कुठे बार आणि प्लेटा. वर्गणी जिमच्या मानानं किरकोळ. तुमच्या पेठेत अशी सोय असेल तर एकदा जाऊन विचारा. तिथे शिकवणारा मिळेलच असं नाही, पण चार दिवस दिसला नाहीत तर गल्लीत गाठून जाब विचारणारे नक्की मिळतात. हे कुठल्याही जिमच्या फीमध्ये मिळत नाही.

मुलींचं चित्र आता पुष्कळ बदललं आहे. जिल्ह्यातल्या मुली कुस्तीत पदकं आणतात. पण नोकरी करणारी चाळिशीची बाई पेठेतल्या तालमीत जाऊन बैठका काढते आहे, हे दृश्य मी अजून पाहिलेलं नाही.

वजन उचललं तर बाईचं शरीर पुरुषी होतं का?

नाही. स्नायू मोठे होण्यात ज्या टेस्टोस्टेरॉनचा मोठा वाटा असतो ते बाईच्या शरीरात पुरुषाच्या मानानं फारच थोडं असतं. वर्षानुवर्षं जीव तोडून उचलणाऱ्या पुरुषांनासुद्धा दंड कमवायला किती झगडावं लागतं ते संध्याकाळच्या बॅचला येऊन बघा.

उलट पाळी थांबल्यावर बायकांची हाडं भराभर ठिसूळ होतात आणि वजनाचा व्यायाम तो वेग रोखायला मदत करतो. म्हणून पंचेचाळिशीच्या पुढच्या काकूंना मी चालण्याच्या आधी वजनाचं विचारते. त्यांना वाटतं मी जिमची जाहिरात करते आहे.

बाळंतपणानंतर मात्र डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय काही नको. साधारण सहा आठवड्यांनी तपासणी होते, सिझेरियन असेल तर आणखी वेळ लागू शकतो. सुरुवात पोटाच्या व्यायामानं करू नका, श्वास आणि ओटीपोटाच्या स्नायूंपासून करा, आणि तीही घरीच. बाळाला सोडून जिम गाठायची घाई कशाला?

गुडघे दुखतात. बीपीची गोळी चालू आहे. वय 63. मी काय करू?

आधी डॉक्टरांना विचारा, मग मला. त्यांनी हो म्हटलं तर घर चांगलं, पण पहिले काही दिवस कोणीतरी सोबत असू द्या. पूर्ण बैठक नको. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा. ते जमलं की भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहायचं. 65 च्या पुढे तोल सांभाळायचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सांगितलेला आहे, कारण पडणं आणि खुबा मोडणं ही त्या वयातली मोठी भीती.

बीपीवाल्यांनी वजन उचलताना श्वास कोंडू नये, दाब एकदम चढतो. उचलताना श्वास सोडा, ठेवताना घ्या. छातीत दडपण आलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, गरगरलं, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत बसू नका. थांबा आणि दवाखाना गाठा.

खुराकाचं काय? तांबडा-पांढरा बंद करू?

कशाला? मटण प्रथिनंच देतं. वरच्या तर्रीचा पळा दोनदाऐवजी एकदा घ्या, आणि भाकरी मोजा.

दुधाबद्दल बोललं की लोक रागावतात, तरी बोलते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून पेला हातात येतो, ती मजा मलाही माहीत आहे. पण म्हशीच्या एका मोठ्या पेल्यात अडीचशेच्या आसपास कॅलरी असतात. सत्तर किलोच्या माणसानं अर्धा तास झपाझप चालून दीडशेच्या आसपास जाळलेल्या असतात. पैलवान रोज तासन्‌तास घाम गाळतो म्हणून त्याला बदामाची थंडाई आणि तूप पचतं. तुम्ही वजन उतरवायला निघालात आणि खुराक पैलवानाचा घेतलात तर काटा वरच जाणार. आणि दूध उकळून प्या. धारोष्ण दुधातून जंतूही धारोष्णच येतात.

साध्या माणसाला दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे 0.8 ग्रॅमच्या थोडं वर प्रथिनं लागतात, वजनं उचलणाऱ्याला त्याहून बरीच जास्त. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात. डाळ, दही, सोयाबीन, अंडी यांतून बहुतेकांचं भागतं. पावडर हे अन्नच आहे, औषध नव्हे आणि विषही नव्हे. घ्यायचीच असेल तर बिल घ्या, डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक बघा.

जिममधला एक जण म्हणतो, एक इंजेक्शन घे, दोन महिन्यांत फरक दिसेल.

ती जिम सोड, भावा. आजच.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात, हृदयावर ताण येतो. ‘जोर यायला’ म्हणून पोरांत मेफेंटरमाईन फिरतं. ते ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब घसरला तर भूलतज्ज्ञ वापरतात ते औषध आहे. निरोगी पोरानं ते टोचून बेंच मारायचं म्हणजे हृदयाशी जुगार आहे.

यूट्यूब बघून केलं तर चालेल?

चालेल, पण मोबाईल दोन वेळा वापरा. एकदा बघायला, एकदा स्वतःचं शूटिंग करायला, तेही बाजूनं. समोरून सगळेच बरे दिसतात. बाजूनं पाठीचा बाक दिसतो.

पोटच फक्त कमी करायचं आहे.

तशी सोय शरीरात नाही. चरबी सगळीकडून उतरते, आधी कुठून ते आपल्या हातात नसतं.

मुलगा बारा वर्षांचा आहे. वजनानं उंची खुंटेल का?

शिकवणारा जवळ असेल आणि वजन हलकं असेल तर खुंटत नाही. पण त्या वयात मी जोर, दोर आणि मैदान सांगेन. स्वतःचं शरीर पेलता आलं की मग लोखंड.

पावसाळ्यात सगळंच बंद पडतं. काय करायचं?

खरं आहे. जुलैत राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकली की माझ्या बॅचच्या निम्म्या बायका गळतात. 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की मीच पोचत नाही. 2019 आणि 2021 च्या पुरात सखल भागात पाणी शिरलं तेव्हा तर कसली जिम आणि कसलं काय.

म्हणून जिम लावलेल्यांनाही मी घरचा वीस मिनिटांचा एक पाठ देऊन ठेवते: जोर, जार घेऊन बैठका, दप्तर ओढणं, आणि जागेवर गुडघे उचलत धावणं, चार फेरे. जूनमध्येच दोनदा करून बघा, म्हणजे जुलैत आठवावा लागणार नाही. तीन आठवड्यांच्या खंडानंतर जिमला परतलात तर जुन्या वजनाच्या निम्म्यानं सुरू करा. दोन आठवड्यांत मूळ जागी याल.

आणि घरच्या प्लेटांना गंज चढतो त्याचं?

श्रावण संपेपर्यंत दर आठवड्याला कोरड्या फडक्यानं पुसा आणि शिलाई मशीनचं तेल हलकं फिरवा. रॉडच्या आट्यांना जरा जास्त. पकडायच्या जागी अजिबात नको, हातातून निसटून फरशी फुटते. आमची फुटली आहे.